एक चमचा विरजण

मैत्रिणींनो, रात्री सगळी आवराआवर झाली, ओटा पुसून झाला, की आपण शेवटचे काम कोणते करतो? कोमट दुधात चमचाभर दही घालतो आणि पातेले झाकून ठेवतो. सकाळी उठून बघावे, तर सगळे पातेले छान लागलेले असते. आणि ज्या भांड्यातून तो चमचाभर काढला, तिथले काही कमी झाले असे आपल्याला कधी वाटत नाही.

आज ज्या दानाविषयी मी सांगणार आहे, ते असेच आहे. त्याला अस्थिमज्जादान म्हणतात, इंग्रजी शब्द 'बोन मॅरो'. नाव ऐकूनच अंगावर काटा येतो ना? माझ्याही आला होता. पण विरजणाची ही उपमा माझी नव्हे हं. ती चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या सासूबाईंची आहे. ती त्यांना कशी सुचली, ते आधी सांगते.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. इथे आष्ट्यात भावईची गडबड होती, घरात पाहुण्यांची वर्दळ होती. मी सकाळी शाळेतले दोन तास घेऊन परत आले, तोच आईचा फोन. माझा धाकटा भाऊ, वय अवघे सत्तावीस, महिनाभर थकल्यासारखा वाटत होता. अंगावर मार न लागताच निळे डाग उठायचे, दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचे. कऱ्हाडला रक्त तपासले आणि डॉक्टरांनी लगेच पुण्याला पाठवले. तिथे निदान झाले, अ‍ॅप्लास्टिक अ‍ॅनिमिया. म्हणजे काय, तर शरीरातला रक्त तयार करणारा कारखानाच बंद पडत चाललेला.

रक्त कुठे तयार होते?

मी बी. ए. झालेली, मराठी शिकवणारी बाई. रक्त हृदयात तयार होते की यकृतात, हे मलाही नीट सांगता आले नसते. रक्त तयार होते हाडांच्या आत. आपल्या कमरेच्या, छातीच्या, पाठीच्या हाडांमध्ये मऊ लालसर गर असतो, तीच अस्थिमज्जा. त्या गरात मूळ पेशी असतात. त्यांच्यापासूनच तांबड्या पेशी, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट रात्रंदिवस तयार होत असतात. हा गर निकामी झाला, किंवा रक्ताच्या कर्करोगाप्रमाणे त्यात वाईट पेशींची गर्दी झाली, किंवा थॅलेसेमियाप्रमाणे जन्मापासूनच त्यातून सदोष रक्त तयार होत असले, तर बाहेरून रक्त किती दिवस भरणार? अशा वेळी दुसऱ्याच्या निरोगी मूळ पेशी देणे, हाच पुष्कळदा बरे होण्याचा खात्रीचा मार्ग असतो.

पण कुणाच्याही पेशी चालत नाहीत, त्या जुळाव्या लागतात. इथे आपल्याला माहीत असलेला रक्तगट कामाचा नाही. पेशींवर काही खुणा असतात, डॉक्टर त्यांना एचएलए म्हणतात. मी ते असे समजून घेतले. समजा, आईकडे खुणांच्या दोन माळा आहेत आणि वडिलांकडेही दोन. प्रत्येक मुलाला आई आपल्या दोनांतली एक माळ देते, वडील एक देतात. म्हणजे चार प्रकारच्या जोड्या होऊ शकतात. म्हणून सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. आई-वडील मात्र मुलाशी साधारण निम्मेच जुळतात.

आता बघा, आपल्या आज्यांच्या वेळी घरात सात-आठ भावंडे असायची. आज आपल्याकडे एक किंवा दोन. कुटुंब लहान झाले ते चांगलेच, पण घरातल्या घरात जुळणारे माणूस सापडणे त्यामुळे अवघड झाले, ही त्याची दुसरी बाजू.

आम्ही तिघे. मी थोरली, मग बहीण, मग हा भाऊ. दोघी बहिणींनी रक्त तपासायला दिले. बहिणीचे जुळले नाही. ती बिचारी असे रडली, जणू काही तिचाच गुन्हा होता. माझे पूर्ण जुळले.

"पोरांचं कोन बघायचं?"

आनंदाने घरी येऊन सांगितले आणि घरात एकदम शांतता पसरली. आमचे 'हे' पेपरात डोके घालून बसले. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या चुलीपुढून उठल्या नाहीत, तिथूनच म्हणाल्या, "आगं, पाठीच्या मनक्यातनं रस काढत्यात म्हनं. उद्या तू आंथरुनाला खिळलीस, तर पोरांचं कोन बघायचं?"

मला राग आला. खोटे कशाला सांगू, दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोललेसुद्धा नाही. माझा भाऊ तिकडे मरणाच्या दारात आणि ह्यांना स्वतःच्या नातवंडांची काळजी! पण आज वाटते, त्यांचे काय चुकले? त्यांना जे ऐकून माहीत होते, त्यावरून त्या बोलल्या. आपल्यापैकी किती जणींना बाळंतपणाच्या ऑपरेशनच्या वेळी मणक्यात इंजेक्शन घेतल्याचे आठवते! त्यानंतर कंबर दुखली, की आपण त्या सुईलाच बोल लावतो. अस्थिमज्जा म्हटले, की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे तीच सुई येते.

शेवटी आमच्या गावातल्या डॉक्टरांनाच एका संध्याकाळी चहाला बोलावले. त्यांनी आत्यांना समोर बसवून स्वतःच्या कमरेवर हात ठेवून दाखवले. "आत्या, मणका इथं वर. ही सुई जाते ती इथं खाली, कमरेच्या मागच्या रुंद हाडात. मणक्याशी हिचा काही संबंध नाही. आणि थोडासाच गर काढतात. महिना-दीड महिन्यात शरीर तो पुन्हा भरून काढतं."

आत्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी विरजनागत म्हना की."

डॉक्टर हसले आणि म्हणाले, "इतकं सोपं मलाही सांगता आलं नसतं." दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यांनीच माझी पिशवी भरायला घेतली.

प्रत्यक्षात काय करतात?

मैत्रिणींनो, मूळ पेशी देण्याच्या दोन पद्धती आहेत. दोन्ही नीट वाचा, कारण निम्मी भीती माहिती नसल्याचीच असते.

पहिली पद्धत रक्तातून पेशी घेण्याची. अनोळखी दात्याकडून बहुतेक वेळा अशाच घेतात. चार-पाच दिवस रोज त्वचेखाली एक इंजेक्शन देतात. त्याने मूळ पेशींची संख्या वाढते आणि त्या हाडांतून रक्तात उतरतात. मग एका हातातून रक्त काढून ते यंत्रातून फिरवतात. यंत्र हव्या त्या पेशी बाजूला काढते आणि उरलेले रक्त दुसऱ्या हातातून परत शरीरात सोडते. याला चार-पाच तास लागतात, क्वचित दुसऱ्या दिवशीही बसावे लागते. भूल नाही, टाके नाहीत. इंजेक्शनांच्या दिवसांत अंग ठणकते, डोके दुखते, ताप येण्यापूर्वी वाटते तशी कसकस वाटते. यंत्रावर असताना ओठांना मुंग्या येतात, तेव्हा कॅल्शियम देतात. पेशी देऊन झाल्यावर एक-दोन दिवसांत हा त्रास ओसरतो.

दुसरी पद्धत प्रत्यक्ष हाडातून मज्जा काढण्याची. माझ्या भावाच्या आजारात डॉक्टरांना हीच बरी वाटली. पूर्ण भूल देतात, त्यामुळे त्या वेळी काहीच कळत नाही. पालथे झोपवून कमरेच्या मागच्या हाडातून सुईने मज्जा ओढून घेतात. तास-दीड तासाचे काम. मोठी चीर नाही, फक्त सुयांच्या खुणा. एक-दोन दिवस दवाखान्यात राहावे लागते. नंतर कसे दुखते म्हणाल, तर ओल्या मोरीत पाय घसरून बसकण मारल्यावर दुखते तसे. मला आठवडाभर वाकून केर काढता आला नाही आणि पंधरा दिवस एस. टी.चे धक्के सहन झाले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात मी शाळेत तास घेऊ लागले. काहींना थोडे जास्त दिवस लागतात. भूल आणि ऑपरेशन म्हटले, की थोडा धोका असतोच. तो अगदी नाही असे मी म्हणणार नाही. पण गंभीर त्रास क्वचितच होतो, आणि तो होऊ नये म्हणूनच आधी दात्याची नखशिखांत तपासणी करतात.

त्या तपासणीत माझी एक उणीव सापडली. हिमोग्लोबिन कमी! चांगले खाते-पिते घर, तरी कमी. सगळ्यांचे जेवण झाल्यावर उरलेसुरले खायचे आणि वर लगेच कपभर चहा घ्यायचा, ही आपली सवय. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि बजावले, की जेवणाला लागून चहा नको, तासभर तरी जाऊ द्या. पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळा, लोह अंगी लागते. कुणाला काही दान करायचे असो वा नसो, मैत्रिणींनो, एवढे आजपासून कराच.

मज्जा भरतात कशी?

मला वाटले होते, भावाचेही ऑपरेशन करून त्याच्या हाडांत माझी मज्जा भरतील. तसे काहीच नसते! आधी आठवडाभर त्याला कडक औषधे देतात. त्याची स्वतःची निकामी मज्जा त्याने पूर्ण निपटून काढतात. विरजण लावण्यापूर्वी आपण पातेले लखलखीत घासून घेतो ना, तसेच. मग माझी मज्जा एका पिशवीत आली, लाल, दाटसर. ती सलाईनसारखी लावली आणि थेंब थेंब शिरेतून आत गेली. बस्स. संध्याकाळी गाई आपापल्या गोठ्याकडे वळाव्यात, तशा त्या पेशी आपणहून हाडांची वाट शोधतात आणि तिथे जाऊन कामाला लागतात.

पण दही एका रात्रीत लागते, इथे दोन-तीन आठवडे, कधी जास्तही लागतात. त्या काळात रोग्याच्या अंगात प्रतिकारशक्ती जवळजवळ नसते. भाऊ वेगळ्या खोलीत, आम्ही काचेबाहेर. साधा सर्दीचा जंतूही त्याच्या जिवावर बेतला असता. पुढेही नव्या पेशी कधी कधी रोग्याच्या शरीरालाच परके समजून त्रास देतात. त्यावर महिनोन् महिने औषधे घ्यावी लागतात. सगळ्यांनाच यश येते असेही नाही. भावाला सतराव्या दिवशी पांढऱ्या पेशी वाढल्याचा कागद आला, तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली आणि तिथेच मटकन खाली बसली.

अशी पुनर्रोपणे आपल्या महाराष्ट्राला नवीन नाहीत बरं का. २० मार्च १९८३ रोजी मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी नऊ वर्षांच्या एका मुलीवर अस्थिमज्जा पुनर्रोपण केले. तिला रक्ताचा कर्करोग होता. भारतात दुसऱ्याची मज्जा देऊन यशस्वी झालेले हे पहिले पुनर्रोपण. मज्जा दिली होती तिच्या भावाने. डॉ. अडवाणी स्वतः लहानपणी पोलिओ झाल्याने चाकाच्या खुर्चीवरून काम करणारे. अमेरिकेत ज्या डॉ. डॉनल थॉमस यांनी १९५० च्या दशकात या उपचाराचा पाया घातला, त्यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. तिथे भावाने बहिणीला जीव दिला, आमच्याकडे बहिणीने भावाला. एवढाच फरक.

काचेबाहेर भेटलेली आई

आता मी हे सारे का लिहायला बसले, ते सांगते. भावाचे तर झाले. मग गप्प बसले असते तरी चालले असते.

त्याच मजल्यावर मराठवाड्याकडच्या एक बाई होत्या. अकरा वर्षांचा एकुलता एक मुलगा, रक्ताचा कर्करोग. आम्ही दोघी दुपारी जिन्यातल्या बाकावर डबा खायचो. एक दिवस त्यांचा डबा उघडलाच गेला नाही. मी विचारले, तर म्हणाल्या, "ताई, माझ्या लेकराला एक जण जुळला होता हो. कुठला कोण, माहीत नाही. तो हो म्हणाला होता. आता घरचे नको म्हणतात म्हणे."

मुलाला भावंड नाही म्हणून दवाखान्याने नोंदणी संस्थेकडे चौकशी केली होती. अशा संस्थांकडे लोक आपल्या पेशींच्या खुणा नोंदवून ठेवतात. त्यांतला एक पूर्ण जुळला होता. त्याने माघार घेतल्यावर डॉक्टरांनी वडिलांच्या निम्म्या जुळणाऱ्या पेशी वापरायचे ठरवले. आता तसेही पुनर्रोपण करता येते आणि पुष्कळांना त्याचा गुणही येतो. पण या धावपळीत आठवडे गेले, आणि तेवढ्यात मुलाचा आजार उलटला. पुढचे मला लिहवत नाही.

त्या घरच्यांना मी दोष देऊ शकले नाही. मला आमचे स्वयंपाकघर आठवले. त्याही घरात कुणी आत्या चुलीपुढे बसली असेल, "मनक्यातनं रस काढत्यात म्हनं" म्हणाली असेल. फक्त चहाला बोलावून हाड कुठले ते दाखवणारे कुणी त्यांना भेटले नसेल. माझ्या भावाचे आणि त्या लेकराचे नशीब वेगळे झाले, ते एवढ्याशा गोष्टीने.

आपण काय करू शकतो?

इंग्लंडमध्ये शर्ली नोलन नावाच्या आईने आपल्या मुलासाठी, अँथनीसाठी, जुळणारा दाता शोधायला १९७४ साली अनोळखी लोकांची नोंदवही सुरू केली. १९७९ साली अँथनी गेला. त्याला दाता मिळालाच नाही. पण आईने वही मिटली नाही. अशा नोंदवह्या आज देशोदेशी आहेत आणि त्यांत मिळून चार कोटींहून अधिक नावे आहेत. मग आपल्या मुलांना दाते का मिळू नयेत? कारण या खुणा वंशपरंपरेने येतात. आपल्या माणसाचे जुळायचे ते बहुधा आपल्याच माणसाशी. आणि भारतातल्या नोंदी अजून काही लाखांतच आहेत, एवढ्या मोठ्या देशात!

आपल्याकडे चेन्नईची 'दात्री' ही संस्था २००९ पासून हे काम करते. बेंगळुरूची डीकेएमएस इंडियाही करते. नोंदणी अगदी साधी. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून द्यायची, एक अर्ज भरायचा. वय अठरा पूर्ण हवे. वरची मर्यादा संस्थेप्रमाणे पन्नाशी-पंचावन्नपर्यंत. तरुण दाता अधिक चांगला. हृदयविकार, कर्करोग, कावीळ ब किंवा क, एचआयव्ही असे काही असेल तर नाव घेत नाहीत. गरोदर बाईकडून पेशी घेत नाहीत. नाव नोंदवल्यावर कित्येकांना जन्मभर बोलावणे येत नाही. आले, तर पुन्हा तपासण्या होतात. तपासणीचा वा दवाखान्याचा खर्च दात्यावर पडत नाही. त्याला पैसेही मिळत नाहीत. हे दानच आहे, विक्री नव्हे. रोगी कोण आणि दाता कोण, हे सुरुवातीला एकमेकांना सांगत नाहीत.

पण एक विनंती. केवळ शिबिरात सगळे देतात म्हणून नाव देऊ नका. आधी घरात बोला. नवऱ्याशी, सासू-सासऱ्यांशी, आईशी. दात्याला 'नाही' म्हणायचा हक्क शेवटपर्यंत असतो, पण रोग्याची स्वतःची मज्जा औषधांनी एकदा निपटली, की मग आलेला नकार त्याच्यासाठी मरण असते. पातेले घासून झाले, दूध कोमट करून ठेवले आणि विरजणच आले नाही, असे होऊ नये. नको म्हणायचे असेल तर पहिल्याच दिवशी म्हणा. त्यात काही कमीपणा नाही.

आणि तुमचे वय उलटले असेल, तब्येत साथ देत नसेल, तरीही तुमच्या हाती एक फार मोठी गोष्ट आहे. उद्या तुमचा कॉलेजातला मुलगा किंवा मुलगी घरी येऊन सांगेल, "आई, मी नाव दिलंय." परवा एखादा फोन येईल. त्या दिवशी सगळे घर तुमच्या तोंडाकडे बघेल. तेव्हा तुम्हाला कमरेचे हाड कुठले आणि मणका कुठला, एवढे माहीत असू द्या.

माझा भाऊ आता बरा आहे. गेल्या वर्षी त्याचे लग्न झाले. गंमत म्हणजे त्याचा रक्तगट पूर्वी बी होता, आता माझ्यासारखा ओ झाला आहे! रक्त तयार करणाऱ्या पेशीच माझ्या, तेव्हा गटही माझाच. दिवाळीला तो आष्ट्याला आला, तेव्हा आत्यांना हे सांगितले. त्यांनी त्याला निरखून पाहिले, ताटात आणखी एक वाटी दही वाढले आणि म्हणाल्या, "खा बाबा. आमच्या घरचंच इरजन हाय ते."